ताराबाईंची शहाऐंशी वर्षे

महाराणी ताराबाईंचे नाव काढले की घोड्यावर बसलेली, हातात तलवार घेतलेली एक तरुण स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. शाळेच्या पुस्तकात ती अशीच भेटते. कोल्हापुरात कावळा नाक्यावर जो पुतळा आहे, त्यातही ती अशीच आहे. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण श्रोतेहो, थोडा हिशेब करून पाहा. ताराबाईंचा जन्म १६७५ सालचा आणि मृत्यू १७६१ सालचा. म्हणजे आयुष्य शहाऐंशी वर्षांचे. त्यात औरंगजेबाशी झुंजण्याची वर्षे किती, तर सात. मग उरलेल्या एकोणऐंशी वर्षांचे काय? कॉलेजात इतिहास शिकवताना हा प्रश्न मी मुलांना घालतो, तेव्हा वर्गात बहुधा शांतता पसरते. आज त्या एकोणऐंशी वर्षांविषयीच बोलावे असे योजले आहे.

त्यासाठी ताराबाईंकडे क्षणभर राणी म्हणून न पाहता एका मोठ्या घरातली बाई म्हणून पाहायला हवे. सून, जाऊ, सवत, चुलती, आई, सासू, आजी ही सगळी नाती त्यांनी भोगली. आणि त्यातले एकही साधेपणाने भोगायला मिळाले नाही. घर मोठे, वतन मोठे, म्हणून भांडणही मोठे. पण भांडणाची जात मात्र तुमच्याआमच्या गावातलीच. वाटणी कोणाची, वारस कोण, आणि कागदावर नाव कोणाचे लागायचे!

त्यांचे माहेर मोहित्यांचे. कऱ्हाडजवळचे तळबीड हे त्यांचे गाव. वडील हंबीरराव मोहिते, शिवछत्रपतींचे सरसेनापती. हंबीररावांची बहीण सोयराबाई ही महाराजांची राणी आणि राजाराम महाराजांची आई. १६८० साली शिवछत्रपती गेले, तेव्हा सोयराबाईंच्या पक्षाने लहानग्या राजारामाला गादीवर बसवले. हंबीरराव तर मुलाचे सख्खे मामा. त्यांनी भाच्याची बाजू घ्यावी असे कोणालाही वाटले असते. पण त्यांनी वडील मुलाचा, म्हणजे संभाजीराजांचा हक्क मानला आणि ते पन्हाळ्याला संभाजीराजांना जाऊन मिळाले. पुढे त्याच राजारामाला त्यांची मुलगी दिली गेली. तीच आपली ताराबाई. बापाने सख्खी बहीण दुखावून थोरल्या पातीचा हक्क राखला, आणि लेकीने पुढे सारा जन्म धाकट्या पातीसाठी वेचला. हे ध्यानात ठेवा, पुढच्या गोष्टीचा पीळ यातच आहे.

लग्न झाले तेव्हा ताराबाई आठनऊ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी घर मोडले. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने हाल हाल करून मारले. त्याच साली रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले. त्यापूर्वीच राजाराम महाराज वेषांतर करून दूर दक्षिणेला जिंजीला निघून गेले होते. ताराबाई मागे विशाळगडावर राहिल्या. १६९४ साली त्या कोकणात उतरून समुद्रमार्गे गेल्या आणि जिंजीला पोहोचल्या. जिंजी आजच्या तमिळनाडूत. मुलूख परका, भाषा परकी, आणि भोवती वेढा. तिथेच १६९६ साली त्यांच्या पोटी मुलगा झाला. आजोबांचे नाव ठेवले, शिवाजी. सवत राजसबाई हिलाही दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याचे नाव चुलत्याचे, संभाजी. या दोन मुलांची नावे विसरू नका. घराण्याच्या दोन गाद्यांची कथा पुढे या दोघांभोवती फिरते.

जिंजी पडली, राजाराम महाराज महाराष्ट्रात परत आले आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. वय अवघे तीस. त्यांची एक राणी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेली असे सांगतात. ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या, पदरात चार वर्षांचा मुलगा होता. त्या सती गेल्या नाहीत. त्यांनी मुलाला गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला.

पुढची सात वर्षे तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. खाफीखान हा मोगलांकडचा इतिहासकार. तो लिहितो की एक बाई आणि दोन पोरे एवढेच आता मागे उरले आहेत, त्यांचा बंदोबस्त करणे अवघड नाही, अशी मोगलांची समजूत झाली होती. ती पार चुकली, हेही तोच लिहितो आणि ताराबाईंच्या बुद्धीची व कारभाराची वाखाणणी करतो. शत्रूने दिलेली ही पावती आहे, म्हणून तिचे मोल जास्त. म्हातारा बादशहा सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असा एकेक किल्ला घेत हिंडत राहिला. बरेचसे किल्ले त्याने लढून घेतले नाहीत, पैसे मोजून घेतले. मराठे ते पैसे घेत, पावसाळा काढीत, आणि बादशहाची पाठ वळली की किल्ला परत घेत. इकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे माळव्यात आणि गुजरातेत शिरू लागल्या. १७०७ च्या आरंभी अहमदनगरला औरंगजेब मेला. तेव्हा ताराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. त्या वेळीच त्यांचे आयुष्य संपते, तर इतिहासाला त्यांच्याविषयी फक्त चांगलेच बोलावे लागले असते.

पण अजून चौपन्न वर्षे उरली होती.

औरंगजेब गेल्यावर मोगलांनी शाहूराजांना सोडले. हेतू उघड होता : घरात भांडण लागावे. सात वर्षांचा असताना नेलेला मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन परत आला आणि म्हणाला, मी थोरल्या पातीचा, गादी माझी. तुमच्या गावात अठरा वर्षांनी कोणी असा परत आला, तर काय होते ते आठवा. आधी प्रश्न निघतो : हा तोच कशावरून? ताराबाईंनी नेमके हेच विचारले. हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले. आणि समजा खरा असला, तरी थोरल्या पातीचे राज्य संभाजी महाराजांबरोबर बुडाले. आज आहे ते राज्य माझ्या नवऱ्याने नव्याने मिळवले आणि मी राखले, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. या दुसऱ्या म्हणण्यात जोर होता, हे मान्य केले पाहिजे. ज्याने पडीक रान कसले, त्याचे ते रान. ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

आपले सरदार फुटू नयेत म्हणून ताराबाईंनी त्यांना दूधभातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, असे बखरी सांगतात. अन्नाची शपथ ही आपल्याकडे मोठी शपथ. पण ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई उभी राहिली आणि शाहूराजे खरे आहेत अशी खात्री पटलेले धनाजी जाधव त्यांना जाऊन मिळाले. दूधभात जिरला. शाहूराजांनी सातारा घेतला आणि जानेवारी १७०८ मध्ये तिथे त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाई हटल्या नाहीत. पन्हाळा गेला तर रांगणा, रांगणा सोडून पुन्हा पन्हाळा, असे करीत १७१० साली त्यांनी पन्हाळ्यावर आपल्या मुलाची वेगळी गादी स्थापली. कोल्हापूरची गादी म्हणतात ती हीच.

आणि चार वर्षांत त्या गादीवरूनही त्या उठवल्या गेल्या. या वेळी घाव बाहेरून आला नाही, घरातूनच आला. १७१४ साली सवत राजसबाई हिने रामचंद्रपंत अमात्यांसारखे जुने कारभारी हाताशी धरून ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैद केले व आपल्या संभाजीला गादीवर बसवले. ज्यांनी गादी स्थापली, त्यांनाच त्या गडावर सोळा वर्षे कैदेत काढावी लागली. मुलगा शिवाजी १७२६ च्या सुमारास त्या कैदेतच वारला. ज्याच्यासाठी सारे केले, तोच गेला. ताराबाई तेव्हा पन्नाशीला पोहोचल्या होत्या.

एखाद्या बाईने इथे हाय खाल्ली असती. ताराबाईंनी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्या वेळी एक गोष्ट केली आणि वीस वर्षांहून अधिक काळ ती पोटात ठेवली. ती गोष्ट काय, ते पुढे येईलच.

१७३० साली शाहू महाराजांच्या फौजेने वारणेकाठी कोल्हापूरकर संभाजीराजांचा मोड केला आणि छावणीतली राजघराण्यातली मंडळी हाती लागली. त्यात ताराबाईही होत्या. शाहू महाराज मोठ्या मनाचे राजे. त्यांनी सर्वांना मानाने पन्हाळ्याला परत पाठवायचे ठरवले. ताराबाई मात्र परत जायला तयार झाल्या नाहीत. कैदेतच राहायचे तर सवतीच्या कैदेपेक्षा पुतण्याची बरी, असा विचार करून त्यांनी साताऱ्याला राहणे पत्करले. बघा, तेवीस वर्षांपूर्वी ज्याला तोतया म्हटले, त्याच्याच आसऱ्याला त्या स्वतःहून गेल्या. आणि शाहू महाराजांनीही मागचे उकरून काढले नाही. साताऱ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्यावर, त्यांची राहण्याची व्यवस्था केली. पुढच्याच साली, एप्रिल १७३१ मध्ये, वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये कायम झाली.

किल्ल्यावर एकोणीस वर्षे गेली. खाली साताऱ्यात बाजीराव आले नि गेले, मराठ्यांची घोडी कुठल्या कुठे पोहोचली, पेशवाई मोठी झाली. वर ही म्हातारी होत चाललेली बाई सारे पाहत होती. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. ते थकले, तेव्हा वारस कोण हा प्रश्न उभा राहिला. आणि मग ताराबाई बोलल्या : माझा नातू आहे. माझ्या शिवाजीचा मुलगा. पन्हाळ्याच्या कैदेत जन्मला, सवतीच्या भयाने मी त्याला गुपचूप बाहेर काढले, तो लपूनछपून वाढला आहे.

सारे चकित झाले. चौकशी झाली. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांची राणी सकवारबाई हिला या नातवाचा हक्क मान्य नव्हता. ती महाराजांबरोबर सती गेली, आणि त्यामागे पेशव्यांचा दबाव होता असे पुष्कळ इतिहासकार मानतात. या मुलाला, रामराजाला, साताऱ्याला आणले. ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी पुढे साताऱ्यास होता, त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्यात तो म्हणतो की जमलेल्या मराठ्यांसमोर ताराबाई रामराजासह जेवायला बसल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन त्यांनी सांगितले, हा माझा नातू. पुन्हा अन्नाची शपथ! जानेवारी १७५० मध्ये रामराजा छत्रपती झाला.

इथे थोडे थांबू या. ताराबाईंजवळ आता काय होते? फौज नव्हती, खजिना नव्हता, नवरा नव्हता, मुलगा नव्हता. वय पंचाहत्तर. पण घरात सर्वांत वडील त्याच उरल्या होत्या. शिवछत्रपतींचे घर आतून पाहिलेले दुसरे माणूस जवळजवळ कोणी राहिले नव्हते. त्यामुळे एक अधिकार त्यांच्याकडे होता आणि तो कोणाला काढून घेता येत नव्हता : हा आमचा, आणि हा आमचा नव्हे, असे सांगण्याचा. आपल्या घरांतून, मंडळी, हा अधिकार म्हाताऱ्या बायकांकडेच असतो. सोयरिकीच्या वेळी, वारसाच्या वेळी, कोणी परागंदा झालेला परत आला तर, शेवटी आजीला विचारतात. ताराबाईंनी हा अधिकार तीन वेळा वापरला. १७०७ साली शाहूराजांविषयी म्हणाल्या, आमचा नव्हे. १७५० साली रामराजाविषयी म्हणाल्या, आमचा. तिसरी वेळ आता सांगायची आहे.

नातू गादीवर बसला, पण आजीच्या मुठीत राहिना. तेवीसचोवीस वर्षांचा, कारभाराचा अनुभव नाही; तो नानासाहेब पेशव्यांच्या तंत्राने चालू लागला. सांगोल्याला करार होऊन कारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली. ज्या गादीसाठी जन्मभर भांडलो, ती रिकामी होते आहे, हे म्हातारीला दिसले. आणि माझ्या मते पुष्कळ सरदारांपेक्षा आधी दिसले. २४ नोव्हेंबर १७५० रोजी चंपाषष्ठीच्या निमित्ताने तिने नातवाला किल्ल्यावर बोलावले. पेशव्याला दूर कर, असा आग्रह धरला. तो ऐकेना, तेव्हा परत जाताना त्याला किल्ल्यावरच अडकवून कैद केले. छत्रपती कैदेत, आणि कैद करणारी त्याची आजी! नानासाहेब तेव्हा मोठ्या फौजेनिशी निजामाच्या मुलखाकडे गेले होते. तिकडून ते परत फिरले. उमाबाई दाभाडे या दुसऱ्या एका वृद्ध बाईंच्या बाजूने दमाजी गायकवाड गुजरातेतून पंधरा हजार फौज घेऊन ताराबाईंच्या मदतीला आले. काही दिवस पुण्याची झोप उडाली. पण दमाजी साताऱ्याजवळ कोंडले गेले आणि पेशव्यांचे कैदी झाले. तरी किल्ला ताराबाईंच्या हातात होता, आणि किल्ल्यात छत्रपती होता. पेशव्यांना किल्ला लढून घेणे सोयीचे नव्हते. खुद्द किल्ल्यावर आनंदराव जाधव वगैरे काही माणसे उलटली, तेव्हा ताराबाईंनी त्यांना ठार मारले. शहात्तर वर्षांची बाई! कौतुक करावे की अंगावर काटा यावा, हे मला आजही ठरवता येत नाही.

अखेर दोन्ही बाजूंना समजले की हे असे चालणार नाही. १७५२ साली ताराबाई पुण्याला गेल्या, नानासाहेबांनी त्यांचा मान राखला, समेट ठरला. आणि तो पक्का करण्यासाठी १४ सप्टेंबर १७५२ रोजी दोघेही जेजुरीला खंडोबाच्या पायरीशी गेले. तिथे शपथा झाल्या. ताराबाईंनी देवासमोर सांगितले की रामराजा माझा नातू नव्हे. तो गोंधळ्याचा मुलगा आहे.

ही ती तिसरी वेळ.

आता तुम्ही विचाराल, खरे काय? दोन शपथा एकमेकींच्या उलट आहेत, तेव्हा एक खोटी हे निश्चित. काही जण म्हणतात, नातू पहिल्यापासूनच बनावट होता, आणि कामाचा राहिला नाही तेव्हा बाईंनी खरे सांगून टाकले. माझे मत वेगळे आहे. शाहू महाराजांच्या हयातीत चौकशी झाली होती, आणि शाहू महाराज भोळे होते, पण वारसाच्या बाबतीत आंधळे नव्हते. शिवाय जेजुरीच्या शपथेत ताराबाईंचा लाभ होता. नातू खोटा ठरला की त्याने केलेले सांगोल्याचे करारमदारही पोकळ ठरतात, आणि त्याला कैदेत ठेवल्याचा दोषही उरत नाही. म्हणून मला वाटते, रामराजा खरा असावा. तसे असेल, तर त्या दिवशी जेजुरीला काय घडले याचा विचार करा. ज्या पातीसाठी या बाईने शाहूराजांना तोतया म्हटले, सोळा वर्षे सवतीची कैद भोगली, पोटच्या मुलाचे मरण पाहिले, त्या पातीचा उरलेला एकुलता एक अंकुर तिने देवाच्या साक्षीने आपल्या हाताने खुडला. रागाने खुडला, की हिशेबाने, ते खंडोबाला ठाऊक.

गुरुजी मंडळींना एक सुचवतो. हा भाग वर्गात शिकवताना फळ्यावर भोसल्यांचा वंशवृक्ष काढा आणि ताराबाईंचे नाव मध्ये ठेवून प्रत्येक नावापुढे त्यांचे नाते मुलांकडून लिहवून घ्या. सनावळी पाठ करण्यापेक्षा हे मुलांना लवकर उमगते. ज्यांना अधिक खोलात जायचे असेल, त्यांच्यासाठी डॉ. आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेले ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ हे खंड आहेत. शिवाजी विद्यापीठाने ते काढले. त्यातली पत्रे वाचताना एक लक्षात येते : बाईंना किल्ल्यावरच्या दाणागोट्यापासून वतनाच्या तंट्यापर्यंत सगळ्याची खबर असे.

जेजुरीनंतर ताराबाई साताऱ्याच्या किल्ल्यावर परतल्या. पेशव्यांनी त्यांना दुखावले नाही. रामराजाला मात्र त्यांनी सोडले नाही. आजी आणि नातू, की म्हातारी आणि तोतया, दोघे त्याच किल्ल्यावर आणखी नऊ वर्षे राहिले, ती पहारेकरी आणि तो कैदी. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले. जूनमध्ये नानासाहेब पेशवे खचून वारले. ज्यांच्याशी झगडा मांडला, ते त्यांच्या निम्म्या वयाचे, तेही ताराबाईंच्या आधी गेले. औरंगजेब, शाहू, राजसबाई, बाजीराव, नानासाहेब, सगळ्यांच्या मागे त्या उरल्या. ९ डिसेंबर १७६१ रोजी साताऱ्यात त्यांचा अंत झाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे, त्यांची समाधी आहे. त्याच परिसरात शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचीही समाधी आहे. माहुलीला कधी गेलात तर आधी ताराबाईंची समाधी विचारा.

रामराजा तेव्हा किल्ल्यावरच होता. पुढे माधवराव पेशव्यांच्या अमदानीत त्याला खाली साताऱ्यात आणून मोकळे राहू दिले. आजीने देवासमोर त्याला परके ठरवले होते, तरी गादीवरून त्याला कोणी उठवले नाही. १७७७ साली तो वारला, तोपर्यंत राज्याचा कारभार त्याच्याच नावाने चालत होता.